ओल्यावर निकाल

माझी पणजी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धूत असे. माझ्या आजीने त्याच इस्पितळाने मोडीत काढलेल्या एका तांब्याच्या हंड्यावर स्वतःचे दुकान उभे केले. माझ्या आईने त्या दुकानाला काचेचे दार आणि नाव मिळवून दिले. आणि मी, त्या तिघींनंतरची चौथी, आज सुनेच्या मांडीवरच्या यंत्रात राहते. ही तक्रार नव्हे. तक्रारी ऐकून घेण्याच्या बाजूला, काउंटरच्या आत, माझा जन्म गेला. तक्रार करणाऱ्यांचे चेहरे कसे दिसतात ते मला चांगले ठाऊक आहे आणि आपला तसा दिसावा अशी माझी इच्छा नाही. आमच्याकडे विद्या बायकांकडून बायकांकडे आली. माझे यजमान लग्नानंतर आमच्या घरी राहायला आले आणि इस्त्रीच्या टेबलाशी उभे राहून त्यांनी आयुष्य काढले. त्यांना कोणी घरजावई म्हटलेले मी ऐकले नाही, कारण माझ्यासमोर म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. मला मुलगी झाली नाही. मुलगा झाला, तो भला आहे, पण सूत आणि लोकर त्याच्या हाताला सारखीच लागतात. म्हणून दुकानाला कुलूप लागल्यावर ती विद्या सुनेकडे गेली, आणि सुनेने तिची वेबसाइट केली. डागांची. कपड्यावरच्या डागांची आणि दुसऱ्या कशाचीही नाही.

सून त्याआधी जाहिरातीच्या कचेरीत होती. कचेरीने एका सकाळी निम्मी माणसे घरी पाठवली, त्यांत ती आली, काही दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून राहिली, आणि मग एकदा मला म्हणाली, "आई, तुम्हाला जे येतं ना, ते लोक रोज इंटरनेटवर शोधतात. आणि त्यांना काय मिळतं ते बघा एकदा." मी पाहिले. शाईवर टूथपेस्ट चोळा. गंजावर मीठ टाका. रक्तावर उकळते पाणी ओता. हे वाचून मला पणजीची आठवण झाली आणि हात शिवशिवले, कारण रक्तावर उकळते पाणी ओतणाऱ्या पोरींना ती धुलाईघरातून हाकलून देत असे. एका ठिकाणी लिहिलेले दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्याचे तिसऱ्या. एकाचे उष्टे बाकीच्यांनी ताटात वाढून घेतलेले, शब्द तेच, चूकही तीच, आणि लिहिणाऱ्यांपैकी कोणाच्याही बोटाला कधी साबण लागला असेल असे वाटू नये. मी सुनेला म्हटले, करायचे तर एका अटीवर. "जो डाग आपण स्वतः पाडला नाही आणि स्वतः काढला नाही, त्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. आणि नाही निघाला, तर नाही निघाला असं लिहायचं."

"नाही निघाला हे कोण वाचेल, आई?"

"ज्याचा निघाला नाही तो."

ती हसली, पण तसे केले तिने. एवढे तिचे श्रेय मी नाकारत नाही. तेव्हापासून आमच्या गॅलरीतल्या दोरीवर डागाळलेल्या चिंध्या वाळत असतात. सुती, रेशमी, लोकरीच्या. चहाच्या, मेणाच्या, बुटाच्या पॉलिशच्या. समोरची शेजारीण एकदा न राहवून म्हणाली, "तुमच्याकडचे सगळेच कपडे कसे हो डागाचे?" मी म्हटले, "आम्ही ते मुद्दाम पाडतो." त्यानंतर ती बाई माझ्याशी बेताने बोलते, आणि ते मला सोयीचे पडते. सुनेला साइटच्या नावात 'आजी' घालायचे होते. मी म्हटले, मी जगाची आजी नाही. तेव्हा तिने साइटचे नाव नुसते 'डाग' ठेवले आणि माझी सगळी भरपाई 'आमच्याविषयी' या पानावर केली. त्या पानावर आमच्या घराच्या दोन गोष्टी आहेत. एक, नगराध्यक्षांच्या राखाडी कोटाची, ज्यावरची शाई आमच्या दुकानाने अशी काढली की साऱ्या शहरात नाव झाले. दुसरी, पणजीचा म्हणून सांगितला जाणारा नियम: ओल्यावर निकाल द्यायचा नाही. डाग गेला की राहिला हे कापड पूर्ण वाळल्यावर ठरवायचे. ओले कापड गडद दिसते आणि आपल्या गडदपणात सगळे झाकून घेते. माणसाला हवे तेच दाखवते. दोन्ही गोष्टी सुनेने माझ्या तोंडून ऐकल्या होत्या, मी माझ्या आईच्या तोंडून. छान लिहिल्या आहेत. एका साबणाच्या कंपनीने ते पान वाचूनच सुनेकडे विचारणा केली होती, आणि त्या दिवसापासून ती घरात जरा मोठ्या पावलांनी चालू लागली होती.

त्या सकाळी ती टेबलाशी बसून वाचकांनी लिहिलेले वाचत होती. मी चहा घेत होते. "आई, ऐका हे," ती म्हणाली, "लोकरीवरच्या शाईचा आपला लेख आहे ना, त्याच्याखाली कोणीतरी दोनच शब्द टाकलेत. 'ओला आहे.' बस. फोटोबद्दल म्हणतंय बहुतेक. काय एकेक वेडे असतात."

कप माझ्या हातात होता तो हातातच राहिला. चहाच्या कडेला साय धरत होती आणि ती कपाच्या भिंतीला हळूहळू चिकटत होती, एवढेच मला काही वेळ दिसत राहिले. कोणी, म्हणून मी विचारले. नाव नाही, ती म्हणाली, नावाच्या जागी एक निळी चौकट आहे नुसती. यंत्र माझ्याकडे वळव म्हटले. तिने वळवले. तो फोटो मी आधी पाहिलेला होता, लेख लागला त्याच संध्याकाळी. राखाडी लोकरीचा तुकडा, आणि त्याच्या कोपऱ्याशी माझा हात. आता मला आठवले की तेव्हा मी हात पाहिला होता. नखे स्वच्छ आहेत, शिरा जरा जास्त दिसतात, बांगडी सरळ आहे. कापड मी पाहिलेच नव्हते. आता पाहिले. लव बसलेली होती. कोरड्या लोकरीची लव उभी असते, उजेड तिच्यात शिरतो आणि तिथेच घोटाळतो. इथे उजेड वरच्या वर घसरत होता. मधला भाग कडेपेक्षा किंचित गडद होता. टेबलाच्या काठावरून लोंबणारे टोक सरळ खाली गेले होते, वजनाने. काचेच्या पलीकडून, कुठल्यातरी खोलीत बसून, कोणीतरी हे ओळखले होते, आणि मी, जिचा हात त्या फोटोत आहे, तिने ओळखले नव्हते. राग कोणाचा यायला हवा होता ते मला कळत होते. पण राग कळून येत नाही. तो मला त्या निळ्या चौकटीचा आला.

मी उठून गॅलरीत गेले. तुकडा दोरीवर होता, कडकडीत वाळलेला. मधोमध, जिथे डाग होता, तिथे कापड स्वच्छ होते. आणि त्या स्वच्छतेभोवती, चंद्राला खळे पडावे तसे, जांभळट तपकिरी कडे उमटले होते. आम्ही त्याला कडेच म्हणतो. शाई स्पिरिटमध्ये विरघळते, ओल पसरते तिथपर्यंत तिच्या मागोमाग जाते, आणि ओल उडून गेली की जिथे पोचली असेल तिथे बसते. डाग गेलेला नसतो. तो सरकलेला असतो. सुती कपड्यावर त्याला पुन्हा हलवता येते. लोकरीत बसलेले कडे मी आयुष्यात कोणाला काढताना पाहिले नाही, आणि मी पुष्कळांना पाहिले आहे. चिमटे काढून मी तुकडा आत नेला आणि सुनेच्या यंत्राच्या पाटीवर ठेवला, तिच्या बोटांवरच.

"हे काय आहे?"

"तोच पीस आहे, शाईचा."

"काय दिसतंय?"

ती बघत राहिली. "रिंग आलीय," ती म्हणाली. मग, "उजेड जात होता हो, आई. तुम्ही पुसलंत आणि मी लगेच फोटो काढला. तेव्हा नव्हतं काही. मी खोटं नाही लिहिलं."

"मी काय म्हटलं होतं तुला?"

"वाळू दे म्हणालात. पण तुम्ही रोजच म्हणता! चहाच्या डागाला म्हणता, पाण्याच्या डागाला म्हणता. लोकांना पानभर वाचायला वेळ नसतो, आणि मी इथे चिंधी वाळायची वाट बघत बसू?" तिचा आवाज चढला होता, चढला की तिच्या गळ्याशी लाल चट्टे उठतात, ते मी पाहत होते आणि त्यांच्यावर कुठले औषध चालेल असा निरर्थक विचार करत होते. "दुरुस्ती टाकते खाली. 'वाळल्यावर किंचित कडा दिसू शकतात.' झालं?"

"किंचित?"

"बरं, किंचित काढते."

"दिसू शकतात? ज्याच्या कोटावर दिसतील त्याला जन्मभर दिसतील. लेख काढ."

"सगळ्यात जास्त वाचला जाणारा लेख आहे तो!"

"म्हणूनच काढ," मी म्हटले, आणि तेव्हा तिने यंत्रावरचे पान खाली सरकवले, आणि दोघींनी एकदमच पाहिले. निळ्या चौकटीच्या खाली आणखी कोणीतरी लिहिलेले होते. एक माणूस. त्याचे वडील नुकतेच गेले. त्यांचा राखाडी लोकरीचा कोट त्याला मिळाला आहे, खिशाशी पेन गळले आहे. 'तुमचा लेख वाचला. स्पिरिट आणून ठेवले आहे. लोकांनी विचारल्यावर तुम्ही उत्तर देता म्हणून विचारतो: करू ना?' सुनेच्या गळ्यावरचे चट्टे उतरले. ती टाइप करू लागली, आणि मी तिच्या खांद्यावरून वाचले: हात लावू नका, आमची पद्धत चुकीची आहे. चुकीची हा शब्द तिने स्वतःहून लिहिला. मग तिने लेख काढला. काही वेळ आम्ही दोघी, सासू आणि सून, एका चिंधीकडे बघत बसलो, आणि मला वाटले की प्रकरण संपले. तेवढ्यात त्या माणसाचे उत्तर आले. 'बरे झाले थांबलो. मग काय करू?'

मग काय करू. सुनेने माझ्याकडे पाहिले. "आहे काही?" मी म्हटले, बघते. आणि खोलीत जाऊन पलंगावर बसले, कारण बघण्यासारखे काही नव्हते. उत्तर मला लहानपणापासून ठाऊक होते. फक्त ते आमचे नव्हते.

लहानपणी एका सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत मी इस्त्रीच्या टेबलाखाली बसले होते. तिथे ऊब असे आणि मोठ्यांचे पाय दिसत. आदल्या संध्याकाळी आईने नगराध्यक्षांच्या कोटावरची शाई काढली होती, आणि काढून झाल्यावर तो ओला कोट दिव्याखाली धरून ती आजीला म्हणाली होती, "बघ! गेला!" तिच्या आवाजातला तो आनंद मी नंतर तिच्या आवाजात पुन्हा ऐकला नाही. सकाळी कोट वाळला होता. मला फक्त पाय दिसत होते, पण ते पाय कसे थांबले ते दिसले. मग आजी बाहेर गेली, आणि आत आली तेव्हा तिच्यामागे आणखी दोन पाय आले, पुरुषाचे, अनवाणी, घोट्यापर्यंत गडद निळे. समोरच्या रस्त्यावरचा रंगारी. आमचे आणि त्यांचे बोलणे नव्हते. डाग पडलेले कपडे लोक पूर्वी त्याच्याकडे नेत, गडद रंगात बुडवून आणत. आजीने दुकान काढल्यापासून काही आमच्याकडे येऊ लागले होते, आणि तो दारात बसून ते जाताना बघत असे. त्याने कोट हातात घेतला असावा, कारण ते निळे पाय उजेडाकडे वळले. मग तो म्हणाला, "बाई, ओल्यावर निकाल देतात होय?" रागाने नव्हे. जरा आश्चर्यानेच. कोट त्याने नेला. अस्तर उसवून बाजूला ठेवले, म्हणजे त्याला रंग लागू नये. कोट त्याच्याच राखाडीच्या एका पायरीने गडद केला, इतकाच की कडे त्यात बुडाले. पाणी कोमट ठेवले, म्हणजे लोकर आटू नये. त्याच्या बायकोने अस्तर पुन्हा शिवले, जुन्याच भोकांतून सुई घालून. संध्याकाळी नगराध्यक्षांचा शिपाई आला तेव्हा कोट आमच्या काउंटरवर होता. आईने पैसे विचारले, तेव्हा रंगारी म्हणाला, "पैसे नकोत. कोणी विचारलं, तर माझं नाव सांगा."

नगराध्यक्ष जाईल तिथे त्या कोटाबद्दल बोलले. शिवला तेव्हाही इतका चांगला दिसत नव्हता म्हणाले. आईने काचेचे दार बसवले आणि दारावर रंगवून घेतले की आमच्याकडे निघत नाही असा डाग नाही. रस्त्याच्या त्या बाजूने या बाजूला येणाऱ्यांची रांग लागली. मी थोडी मोठी झाल्यावर एकदा आईला म्हटले, तो कोट तर रंगवला होता ना? आई इस्त्री करत होती. इस्त्री न थांबवता ती म्हणाली, "कोणी विचारलंय का?" खरेच कोणी विचारले नव्हते. लोक विचारत नाहीत, लोक सांगतात. तुम्ही म्हणे नगराध्यक्षांच्या कोटावरची शाई काढलीत, असे ते सांगत, आणि सांगणाऱ्याला उत्तर द्यावे लागत नाही. आईच्या हयातीत कोणी विचारले नाही. माझ्या दुकानदारीत कोणी विचारले नाही. रंगाऱ्याचे वाक्य मात्र घरात राहिले, प्रश्नाचा आश्चर्याचा सूर काढून टाकून, नियमासारखे कडक करून. आणि कधीतरी, कोणी ठरवल्याशिवाय, ते पणजीचे झाले. अशी वाक्ये चांगल्या घरांत पोरकी राहत नाहीत, त्यांना कोणीतरी आपले नाव देते.

रंगाऱ्याला एक मुलगी होती. माझ्याच वर्गात. कोपरापर्यंत तिचे हात निळे असत आणि सगळे तिला निळी म्हणत. हे नाव कोणी पाडले ते आठवत नाही, मीच पाडले असण्याचा संभव आहे. निळीने कधी काही म्हटले नाही, आणि हेच मला तिचे सहन झाले नाही. भांडली असती तर मी तिला उत्तर दिले असते, आणि माझी उत्तरे चांगली असतात. ती बघत असे. त्यांचे दुकान मोडल्यावर तिच्या बापाने रंगाची पिंपे रस्त्यावर उपडी केली आणि गटारातून दोन दिवस निळे पाणी वाहिले, तेव्हा ती दारात उभी राहून आमच्या काचेकडे बघत होती. पुढे कितीतरी वर्षांनी, दोघींचेही केस पांढरे झाल्यावर, बँकेच्या रांगेत ती माझ्या मागे उभी होती. हात आता निळे नव्हते. तिने माझ्या बाहीकडे पाहिले, मनगटाशी, आणि हळूच म्हणाली, "राहिलाय." तेलाचा एक ठिपका होता, मोहरीएवढा. मी घरी येऊन ती साडी आणि तो ब्लाउज मोलकरणीला देऊन टाकला. निळी जिवंत आहे, कुठेतरी लेकाकडे राहते, एवढे मला माहीत होते. ती यंत्रावर वाचत असेल, आणि आमचे वाचत असेल, हे डोक्यात आले नव्हते. पण ओला आहे, हे दुसरे कोण लिहील? या शहरात दुसरे कोणाला दिसेल?

दारात सून आली. तिने टकटक केली नाही. ती करते, मी तिला तशी सवय लावली आहे, पण त्या दिवशी केली नाही. "आई, त्या निळ्या चौकटीने 'आमच्याविषयी'च्या पानाखाली लिहिलंय आता. लेख काढल्यावर लगेच." आणि तिने उभ्यानेच वाचून दाखवले. 'नगराध्यक्षांच्या कोटावरचा डाग कोणी काढला? विचारते आहे.'

विचारते आहे. ते दोन शब्द तिने वेगळे कसे ठेवले होते ते मला न पाहताही दिसले. बापाची अट तिला ठाऊक होती. शाळेत ठाऊक होती, पिंपे उपडी झाली तेव्हा ठाऊक होती, बँकेच्या रांगेत ठाऊक होती. आणि तिने विचारले नव्हते, कारण रस्त्यात विचारले असते तर मी रस्त्यात उत्तर दिले असते, आणि ते वाऱ्यावर गेले असते. ती थांबली होती, आम्ही ते लिहून काढीपर्यंत. आम्ही आमच्या हाताने ते जगासमोर टांगेपर्यंत. मला तिचा संताप आला, आणि त्या संतापाच्या तळाशी, सांगायला मला आवडत नाही, कौतुक होते: काय वाळू दिले बाईने!

"काय उत्तर देऊ?" सून म्हणाली. "की उडवून टाकू? एका बटणाचं काम आहे."

"बस," मी म्हटले. "यंत्र घे. त्या कोटवाल्या माणसाला लिहायचंय, लोकरीवरचं कडं निघत नाही. कोट चांगल्या रंगाऱ्याकडे न्या, अस्तर उसवायला सांगा, त्याच रंगात एक पायरी गडद करून घ्या."

तिची बोटे चालली आणि थांबली. "हे आपण करून बघितलंय कधी?"

"नाही."

"मग कसं लिहायचं? तुमचाच नियम आहे. जे स्वतः..."

"मी होताना बघितलंय," मी म्हटले. "टेबलाखाली बसून." आणि मग मी सांगितले. सगळे, पायांपासून. सून टाइप करायची थांबली होती. मी म्हटले, थांबू नकोस, हे तुझ्यासाठी नाही, त्या पानासाठी आहे, जुने पान काढ आणि हे त्या जागी घाल. रंगाऱ्याचे नाव मी पूर्ण सांगितले, बापाच्या नावासकट, आणि तिने प्रत्येक अक्षर विचारून घेतले. इथे ते पुन्हा लिहीत नाही. ज्याला हवे त्याने तिथे वाचावे, ते तिथलेच देणे आहे. नियमाजवळ आल्यावर सून म्हणाली, "म्हणजे तोही आपला नाही?"

"तोही नाही."

"मग आपलं काय आहे, आई?" तिने हे कुजकेपणाने विचारले नाही, त्यामुळे मला जास्त लागले.

"धुतो आपण," मी म्हटले. "ते चांगलं धुतो."

ती यंत्राकडे बघत राहिली. "साबणवाल्यांना कोटाची गोष्टच आवडली होती. तेवढ्यासाठीच आले ते. हे टाकलं की ते गेले. आणि लोक म्हणतील, यांची सुरुवातच खोटी." तिच्या गळ्यावर पुन्हा चट्टे उठले होते, पण या वेळी ते रागाचे नव्हते. "मी वर्षभर मरमर केलीय हो या साइटसाठी. तुमचं काय, तुमचं नाव होऊन गेलंय. माझं अजून व्हायचंय."

हे खरे होते. मी म्हटले, "तू त्या माणसाला चुकीची पद्धत असं लिहिलंस सकाळी. मी सांगितलं नव्हतं."

"ते वेगळं होतं. त्याचा कोट गेला असता."

"हाही कोटच आहे."

तिने यंत्र बंद केले नाही, पण बटणही दाबले नाही, म्हणाली, "उद्या टाकते. आत्ता तुम्ही तापलेल्या आहात, मीही आहे. वाळू दे." आणि तोंडावर हात ठेवला, कारण ते तिच्या तोंडून आपोआप आले होते. मी तिच्याकडे पाहिले नाही. माझ्या घरात सुनेला उगाच शाबासकी देण्याची पद्धत नाही. पण रात्री जेवताना मी तिला दुसऱ्यांदा वाढले, आणि मुलाने फोनवरून मान वर करून हे पाहिले, आणि काही न समजून पुन्हा खाली घातली.

दुसऱ्या दिवशी तिने मला सगळे वाचून दाखवले. मी दोन विशेषणे काढायला लावली. एक माझ्या आईबद्दलचे होते, एक माझ्याबद्दलचे. रंगाऱ्याबद्दल तिने एकही घातले नव्हते, तिथे फक्त त्याने काय केले ते होते, आणि तसेच बरोबर होते. मग तिने बटण दाबले. काही आवाज झाला नाही. मला का कोण जाणे, आवाज होईल असे वाटले होते.

साबणवाल्यांचे पत्र दुपारी आले. नम्र होते. सुनेने ते एकदा वाचले आणि चिंध्या भिजवायला गेली. मी बादलीत पाणी कोमट आहे का ते बोट घालून पाहिले, आणि होते. कोटवाल्या माणसाने लिहिले की त्याने रंगारी शोधला आहे, अस्तराचे सांगितल्यावर तो रंगारी चमकला आणि विचारू लागला, हे तुम्हाला कोणी शिकवले. बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे हवे ते लिहिले. फसवणूक, ढोंगी म्हातारी, सलाम, डोळे पाणावले. सून वाचत होती, मी ऐकत नव्हते. मी एकाच गोष्टीची वाट पाहत होते आणि ते मला कबूल करायचे नव्हते. गॅलरीत चिंध्या वाळल्या, मी त्या काढून घड्या घातल्या, आणि घड्या पुन्हा मोडून घातल्या.

तिन्हीसांजेला सून म्हणाली, "आलं. निळी चौकट."

"वाच."

"'पोचलं. बाकी काही नाही.'"

मी हातातली घडी ढिगावर ठेवली आणि ढीग सरळ केला. खालच्या रस्त्यावर कोणीतरी दुकानाचे शटर ओढत होते. अर्ध्यावर अडकले, मग आले. सुनेची बोटे यंत्रावर गेली होती. "काय लिहू? धन्यवाद लिहू? की तुम्ही सांगता काही?"

"काही लिहू नकोस," मी म्हटले. "पावतीला उत्तर द्यायचं नसतं."